सांडपाण्यातली इस्ट्रोजेन्स आणि डॅन्सिल क्लोराइड: काही महिन्यांच्या वापरानंतर

एसटीपीच्या (सांडपाणी प्रक्रिया केंद्राच्या) पाण्यातली इस्ट्रोजेन्स, म्हणजे स्त्री-हॉर्मोन्स (इस्ट्रॅडिऑल, इस्ट्रोन आणि गर्भनिरोधक गोळ्यांतलं इथिनाइलइस्ट्रॅडिऑल) मोजायला आम्ही आधी एलायझा किट, म्हणजे अँटिबॉडीने पदार्थ ओळखणारी चाचणी, वापरायचो. हाताळायला सोपं, पण सांडपाण्यातलं ह्युमिक ॲसिड अँटिबॉडीला गंडवतं आणि आकडे फुगतात. आता एलसी-एमएस/एमएसवर (कॉलममधून पदार्थ वेगळे करून त्यांचे आयन वस्तुमानावरून मोजणारं मशीन) डॅन्सिल क्लोराइडची पद्धत चालवतोय; हे रिएजंट हॉर्मोनला जोडायचं असतं. पद्धत झकास आहे, फक्त तिचं सगळं श्रेय मशीनला देतात ते मला पटत नाही.

इस्ट्रोजेन इलेक्ट्रोस्प्रेमध्ये (मशीनचा रेणूंना विद्युतभार देणारा भाग) नीट आयन होत नाही. डॅन्सिल जोडलं की त्यातल्या नायट्रोजनवर प्रोटॉन बसतो आणि सिग्नल कित्येक पटींनी वाढतो. कृतीही किरकोळ: नायट्रोजनखाली सुकवलेला अर्क, पीएच 10.5 चा बायकार्बोनेट बफर, ॲसिटोनमधलं पिवळं डॅन्सिल क्लोराइड, 60 अंशांवर काही मिनिटं. बाटली फ्रीजमधून काढून लगेच उघडली तर ओल धरते आणि रिएजंट वाया जातं. आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या.

खरा घाम त्याच्या आधी निघतो. युरोपच्या 2015 च्या वॉच लिस्टमध्ये (पाण्यात लक्ष ठेवायच्या पदार्थांची यादी) इथिनाइलइस्ट्रॅडिऑलसाठी शोधमर्यादा, म्हणजे पद्धतीला ओळखता यायलाच हवी ती पातळी, होती लिटरला 0.035 नॅनोग्रॅम. म्हणजे अख्ख्या लिटरात 35 पिकोग्रॅम! ते एक मिलिलिटरमध्ये आणायचं, तर आधी गढूळ पाणी ग्लास फायबर फिल्टरमधून जायला हवं, आणि फिल्टर अर्ध्यातच तुंबतो. मग एसपीई कार्ट्रिजवर (पाण्यातलं हॉर्मोन धरून ठेवणारी भरलेली नळी) थेंब थेंब. घाई केलीत की रिकव्हरी, म्हणजे हाती लागणारा हॉर्मोनचा वाटा, घसरलीच. शिवाय सॅम्पल रात्रभर गाडीत राहिलं तर जिवाणू ग्लुक्युरोनाइड (शरीरातून साखर-आम्ल जोडून बाहेर पडलेलं हॉर्मोन) तोडून मोकळं हॉर्मोन सोडतात, इस्ट्रॅडिऑलचं इस्ट्रोन करतात. मग कितीही भारी मशीन असो, ते चुकीचंच पाणी मोजणार.

एवढा आटापिटा कशाला, असं अकाउंट्सवाले विचारतात. कॅनडातल्या ओंटारिओत ‘लेक 260’ या तळ्यात 2001 ते 2003 लिटरला 5-6 नॅनोग्रॅम इथिनाइलइस्ट्रॅडिऑल ठेवलं, तर फॅटहेड मिनो मासे जवळजवळ संपले. हे सांगितलं की बिल पास होतं, निदान या तिमाहीपुरतं.

तक्रार एकच, पण मोठी. मशीनवर आधी अख्ख्या आयनचं वस्तुमान निवडायचं, मग तो तोडून तुकड्याचं मोजायचं: इस्ट्रॅडिऑल 506 वरून 171 वर मोजतो, इस्ट्रोन 504 वरून, इथिनाइलइस्ट्रॅडिऑल 530 वरून. सगळीकडे तेच 171, कारण तो तुकडा डॅन्सिलचाच आहे, हॉर्मोनचा नाही. त्याच वस्तुमानाचा दुसरा कुठलाही फिनॉल डॅन्सिल झाला तर तोही तिथेच दिसणार. 17-अल्फा आणि 17-बीटा इस्ट्रॅडिऑल (वस्तुमान एकच, फक्त अणूंची मांडणी वेगळी) तर एमएसला एकसारखेच. ते कॉलमवरच वेगळे करावे लागतात. वेळ वाचवायला ग्रेडियंट (कॉलममधल्या द्रावकाचं हळूहळू बदलत जाणारं मिश्रण) आखडणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

इंटर्नल स्टँडर्डमध्ये (तुलनेसाठी सॅम्पलमध्ये टाकलेलं, जड अणूंचं तेच हॉर्मोन) काटकसर नको. ड्यूटेरियमवालं स्वस्त पडतं, पण ते मूळ पीकच्या किंचित आधी बाहेर पडतं, आणि घाण मॅट्रिक्समध्ये (सॅम्पलमधल्या बाकीच्या पदार्थांत) तेवढ्यात आयन सप्रेशन, म्हणजे त्या पदार्थांमुळे सिग्नल दबणं, बदलतं. कार्बन-13 वालं बरोबर सोबत येतं. ब्लँकही (हॉर्मोन नसलेलं तुलनेचं सॅम्पल) पाण्याचाच हवा, पूर्ण एसपीईमधून गेलेला. नुसता सॉल्व्हंट इंजेक्ट करून समाधान मानू नका.

एलायझा पूर्ण बंद केलेलं नाही. ढीगभर सॅम्पल्स आली की आधी त्यावर चाळायची, संशयित तेवढी एमएसवर. आता डॅन्सिलऐवजी पिरिडिन-3-सल्फोनिल क्लोराइड वापरून बघायचं आहे, त्यात तुकडे हॉर्मोनचे स्वतःचे मिळतात. कोटेशन मागवलंय.