घरातल्या शोभेच्या पाण्यासाठी काय निवडावे: घंगाळ, दगडी कारंजे की भिंतीवरचा पडदा?

घरात शोभेचे पाणी ठेवण्याचे तीन मार्ग सहज शक्य आहेत: पितळी किंवा तांब्याच्या घंगाळात पाणी भरून त्यात फुले सोडणे, दगडी पात्रात छोटा पंप बसवून कारंजे करणे आणि भिंतीवर लावलेल्या फरशीवरून पाण्याचा पातळ पडदा सोडणे. यांपैकी काय निवडावे, हे सजावटीपेक्षा त्या पाण्याची निगा कोण राखणार आणि किती दिवसांनी राखणार, यावर ठरवावे, असे माझे ठाम मत आहे.

घंगाळाला वीज लागत नाही, आणि अनेक घरांत ते माळ्यावर पडलेलेच असते. मात्र साचलेले स्वच्छ पाणी हे डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाचे हक्काचे ठिकाण आहे. या डासाची मादी पाण्याच्या पातळीच्या जरा वर, भांड्याच्या ओलसर कडेला अंडी चिकटवते आणि ती अंडी कोरड्या अवस्थेतही कित्येक महिने तग धरतात. त्यामुळे जुने पाणी ओतून नवे भरले एवढ्याने भागत नाही. आठवड्यातून एक दिवस भांडे रिकामे करून आतून, विशेषतः काठालगत, घासावेच लागते. त्यासाठी चिंच वापरली तर कळकही निघते. अळ्या खाण्यासाठी गप्पी मासे सोडावेत, असा सल्ला काही जण देतात; पण तांब्या-पितळेतून पाण्यात उतरणारे तांबे माशांना घातक असते, तेव्हा इथे तो उपाय नको.

दगडी पात्रातले कारंजे थोडे खर्चिक असले, तरी बहुतेक फ्लॅटसाठी मी त्यालाच पसंती देईन. पाणी हलते राहिल्यामुळे डासांचा धोका बराच कमी होतो, पात्र उचलून दुसरीकडे ठेवता येते आणि 10 वॉटचा पंप रोज 8 तास चालवला, तरी महिन्याला 2.4 युनिट इतकीच वीज लागते. पंप घेताना एक गोष्ट नीट पाहावी. खोक्यावर छापलेली कमाल उंची म्हणजे जिथवर पाणी चढते, पण जिथे त्याचा प्रवाह शून्य होतो ती उंची. म्हणून दोन फुटांवर पाणी हवे असेल, तर चार फूट लिहिलेला पंप घ्यावा आणि त्याच्यावरची प्रवाह कमी-जास्त करणारी चकती फिरवून जोर कमी करावा. बोअरच्या पाण्यातले क्षार महिन्या-दोन महिन्यांत पंपाच्या पंख्यावर आणि दगडावर पांढरा थर धरतात. पंप सोडवून व्हिनेगरच्या पाण्यात बुडवला की तो थर सुटतो; दगडाच्या बाबतीत मात्र जपावे, कारण शहाबादी, कडप्पा आणि संगमरवर हे चुनखडीचे दगड आम्लाने झिजतात. आपल्याकडचा काळा बेसाल्ट हे सहन करतो, म्हणून जुन्या उखळाचे कारंजे सहसा चांगले टिकते. उन्हाळ्यात पाणी झपाट्याने आटते आणि पंप कोरडा पडला की तापून जळतो, त्यामुळे रोज पातळी पाहण्याची सवय हवीच. गावाला जाताना पात्र पूर्ण रिकामे करून पुसून ठेवावे.

भिंतीवरचा पडदा दिसायला सर्वांत देखणा असतो आणि करायला सर्वांत अवघड. दोन फूट रुंद, पाच फूट उंच आणि 20 मिलिमीटर जाडीची कडप्प्याची फरशीच जवळपास 50 किलो भरते. शिवाय खालच्या कुंडातले पाणी लिटरमागे एक किलो. हा भार पोकळ विभाजक भिंतीला पेलत नाही. मागे जलरोधक थर दिला नसेल, तर पलीकडच्या खोलीत ओल उतरते, आणि कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यातली हवा आधीच दमट असल्याने ती ओल लवकर सुकत नाही. घर नव्याने बांधले जात असेल, कुंडाचे पाणी बाहेर सोडण्याची वाट आणि पंपासाठी स्वतंत्र स्विच आधीच ठेवता येत असेल, तरच हा पर्याय विचारात घ्यावा. तयार फ्लॅटमध्ये आणि भाड्याच्या घरात तो टाळावा.

वीज लागणाऱ्या दोन्ही प्रकारांत पंपाची तार प्लगकडे जाण्याआधी प्लगच्या खाली झोल देऊन वर न्यावी, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी त्या झोलाशी खाली ठिबकते, सॉकेटमध्ये शिरत नाही. त्या जोडणीवर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) आहे की नाही, हे पंप विकत घेण्यापूर्वीच इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे.