स्पोर्टसाठी डॉबरमन : आठ आठवड्यांचं पिल्लू की दीड वर्षाचा तयार कुत्रा?

आयजीपीसाठी, म्हणजे माग, आज्ञापालन आणि संरक्षण या तिन्हींत कुत्र्याची परीक्षा घेणाऱ्या खेळासाठी, डॉबरमन घ्यायचाच असं ठरवून आलेल्या माणसाला मी आधी एकच विचारते : दीड वर्षाने हा कुत्रा मैदानावरचा नाही असं कळलं, तर त्याचं काय करणार? ‘ठेवणार की, तोवर घरचाच झालेला असेल’ असं चटकन उत्तर आलं तर पिल्लू घ्यावं. समोरचा गप्प झाला तर त्याने तरुण कुत्रा बघावा. ‘तरुण’ म्हणजे साधारण पंधरा ते वीस महिन्यांचा, पाया घातलेला पण अजून टायटल (परीक्षा पास झाल्याची पदवी) नसलेला. मैदानावर त्याला ग्रीन डॉग म्हणतात.

बाकीचे मुद्दे यानंतरचे, पण तेही लहान नाहीत. शिवाय मॅलिनॉय किंवा जर्मन शेफर्डचा हिशेब डॉबरमनला लावता येत नाही.

शो-लाईन (प्रदर्शनासाठी वाढवलेली घराणी) की वर्किंग-लाईन (कामासाठी वाढवलेली) हा वाद इथे लांबवत नाही. शो-लाईनमधूनही एखादा कामाचा निघतो, पण त्या एखाद्यावर भिस्त ठेवून कुणी आयुष्याची दोन वर्षं घालू नयेत. आई-बाप दोघांनीही आयजीपी केलेलं असावं, आणि शक्यतो रोजच्या सरावाच्या मैदानाबाहेर. कान-शेपूट कापली आहे की नाही याचा कामाशी काडीचा संबंध नाही.

उशिरा पिकणारी जात

19व्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मनीतल्या अपोल्डा गावी कार्ल फ्रीडरिश लुई डोबरमान नावाचा एक गृहस्थ करवसुली करायचा. ही जात त्याच्या नावावर आहे. वसुलीवाल्याला कसा कुत्रा लागत असेल ते सांगायला नको. परक्याकडे संशयाने बघणं डॉबरमनच्या रक्तात तिथपासून आहे, आणि आज आपण मैदानावर जे हाताळतो ते हेच.

मॅलिनॉयला हेल्परच्या, म्हणजे सरावात हल्लेखोर बनणाऱ्या माणसाच्या, हातातली स्लीव्ह (चावायची जाड बाही) म्हणजे शिकार वाटते, आणि वर्षाच्या आतच तो तिच्यावर तुटून पडतो. डॉबरमन स्लीव्हच्या मागचा माणूस बघतो. आठ-नऊ महिन्यांचा डॉबरमन हेल्पर छाती काढून पुढे आल्यावर दोन पावलं मागे सरकला, तर तो भित्राच असेल असं नाही. परिस्थिती त्याला कळते, पण तिला उत्तर द्यायला मन अजून तयार नसतं. हे मन अडीच-तीन वर्षांनी पक्कं होतं. नियमाप्रमाणे बीएच ही वागणुकीची प्राथमिक परीक्षा 15 व्या महिन्यापासून आणि आयजीपीची पहिली पातळी, आयजीपी-1, ही 18 व्या महिन्यापासून देता येते. डॉबरमनला घेऊन त्या तारखांच्या मागे धावणाऱ्यांनी चांगले कुत्रे खराब केलेले मी पाहिले आहेत.

पिल्लू की तरुण, हा प्रश्न त्यामुळेच या जातीत जास्त टोचतो. पिल्लू घेतलं तर हा सगळा लांबलचक काळ तुम्ही सांभाळायचा. तरुण घेतला तर तो दुसऱ्या कुणीतरी सांभाळलेला असतो, आणि कसा सांभाळला हे फक्त कुत्र्याला माहीत असतं.

पिल्लात काय दिसतं, काय नाही

सात आठवड्यांच्या पिल्लात ग्रिप (चावून धरायची पकड) कशी निघेल, हेल्परच्या काठीच्या दबावाखाली कुत्रा टिकेल का, नितंबाचे सांधे कसे असतील, यातलं काही दिसत नाही. दिसतं असं सांगणारा ब्रीडर विकायला बसलेला असतो.

एक गोष्ट मात्र मी नेहमी बघते. पिल्लू भावंडांपासून दूर, अनोळखी खोलीत एकटं घ्यायचं. ते इकडेतिकडे हुंगत असताना त्याच्यामागे दोन हातांवर किल्ल्यांचा जुडगा फरशीवर टाकायचा. दचकणार सगळीच, त्यात वावगं काही नाही. मनात आकडे मोजायचे. माझ्या एका मादीने तिसऱ्या आकड्याला मान वळवली, पाचव्याला जुडग्यापाशी पोचली आणि एक किल्ली तोंडात घेऊन निघाली. त्याच वेतातला तिचा भाऊ अंगाने तिच्या दीडपट होता. तो खुर्चीखाली गेला आणि हाका मारूनही पुष्कळ वेळ बाहेर आला नाही. खरेदीदार त्याच्याच मोठ्या डोक्यावर भाळले होते. दचकण्यापेक्षा दचकून परत यायला किती वेळ लागतो ते महत्त्वाचं, आणि पिल्लात जेवढं काही दिसतं त्यातलं हे बऱ्यापैकी भरवशाचं.

पिल्लाचा खरा फायदा तुमच्या हातात येणारा काळ. तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्या-चौदाव्यापर्यंत पिल्लाचं जग ठरत असतं. त्यातला अर्धा काळ ब्रीडरकडे जातो, उरलेला तुमच्याकडे. गुळगुळीत फरशी, जाळीचा जिना, ट्रकचा आवाज, छत्री उघडणारा माणूस, हे सगळं तेव्हाच झालं पाहिजे. माग काढायला तर नवव्या आठवड्यातही सुरुवात करता येते. गवतात पावलाला पाऊल लावून चालायचं, प्रत्येक ठशात खाऊचा एकेक तुकडा, आणि पिल्लू नाक खाली घालून ठशागणिक पुढे सरकतं. डॉबरमनला डोकं वर काढून वेगाने पळायची खोड असते. ती लागायच्या आत ही सवय बसली तर पुढे फार त्रास वाचतो.

त्यानंतरचं बरंचसं काम हात आवरण्याचं आहे. चौथ्या ते सातव्या महिन्यात दात पडतात, तेव्हा जोराची ओढाताण बंद. एकदा हिरडीत कळ गेली की पिल्लू टग (ओढाताणीचं खेळणं) पुढच्या दातांनी धरायला शिकतं आणि ते जन्मभर पुरतं. हाडांची वाढ पुरी होईपर्यंत परीक्षेतला एक मीटरचा अडथळा आणि तिरकी भिंत यांच्याकडे बघायचंही नाही. ज्याला रोज काहीतरी ‘शिकवल्या’शिवाय चैन पडत नाही, त्याने पिल्लू घेऊ नये.

तरुण कुत्रा : काय तपासायचं

इथे माझाच फजितीचा किस्सा. सतरा महिन्यांचा एक नर बघायला गेले होते. मैदानात आला, हेल्परवर झेपावला, ग्रिप दाढांपर्यंत भरलेली, काठी फिरली तरी डोळे शांत. मी तिथेच हो म्हटलं. महिन्याभराने त्याला दुसऱ्या क्लबच्या मैदानावर नेलं, हेल्पर वेगळा, स्लीव्ह वेगळी. हा हेल्परभोवती गोल फिरला, भुंकला, दातांच्या टोकांनी स्लीव्ह धरली आणि सोडली. त्याला एकच मैदान, एकच माणूस आणि एकच स्लीव्ह माहीत होती. विकणाऱ्याने खोटं काही सांगितलं नव्हतं, मीच विचारलं नव्हतं.

तेव्हापासून मी दोन फेऱ्या करते. पहिली त्यांच्या मैदानावर, दुसरी त्या कुत्र्याने न पाहिलेल्या जागी, अनोळखी हेल्परसोबत. दुसरीला मालक तयार नसेल तर पहिलीही विसरायची.

दुसऱ्या फेरीत ग्रिपइतकंच ‘आउस’ बघते. सोडायची आज्ञा मिळाली की कुत्रा तोंड उघडतो त्या क्षणी त्याचं अंग काय बोलतं? कान मागे, पाठ खाली आणि मान हँडलरकडे (कुत्रा चालवणाऱ्याकडे) वळली, तर सोडणं मारून किंवा शॉक कॉलरने शिकवलं आहे. असा कुत्रा पुढे आज्ञा येणार या भीतीने आधीच स्लीव्ह चघळू लागतो, आणि ते तुमच्याकडे आल्यावर महिनोन् महिने निस्तरावं लागतं. सोडून हेल्परसमोर ताठ उभा राहिला, नजर हेल्परच्या तोंडावर, तर पाया चांगल्या हाताने घातला आहे. माझ्या लेखी या दोन सेकंदांना दहा व्हिडिओंपेक्षा जास्त किंमत आहे.

व्हिडिओंवरून आठवलं : विकायला काढलेल्या कुत्र्याचे बाईटचे व्हिडिओ भरपूर येतात, मागाचा क्वचित येतो. परीक्षेत माग, आज्ञापालन आणि संरक्षण या तिन्हींना 100-100 गुण आहेत आणि प्रत्येकात 70 मिळवल्याशिवाय उत्तीर्ण होत नाही. आयजीपी-3 ला परक्या माणसाने घातलेला 600 पावलांचा, तासाभराचा जुना माग असतो. दीड वर्षाचा कुत्रा आणि मागाची सुरुवातच नाही, म्हणजे एक तृतीयांश परीक्षेसाठी तुम्ही पिल्लूच विकत घेताय, तेही डोकं वर काढून पळायची सवय लागलेलं.

मग विचारायचं, हा विकायला का काढला? खरी कारणं असतात : ब्रीडरने वेतातली दोन ठेवली होती आणि एकच पुढे न्यायचं ठरलं, किंवा हँडलरचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं. उत्तर गुळमुळीत आलं तर कारण कुत्र्यातच आहे असं समजा.

तरीही तरुण कुत्र्याच्या बाजूने जे आहे ते मोठं आहे. सांध्यांचा एक्स-रे काढून बघता येतो, दातांची ठेवण कळते, धीट की बुजरा हे डोळ्यांना दिसतं. पिल्लात हे सगळं आशेवर असतं. किंमत पिल्लाच्या कितीतरी पट वाटते खरी, पण दीड वर्षाचं खाणं, लसी, क्लबची वर्गणी, हेल्परचे पैसे आणि दर रविवारची धावपळ मोजली की फरक बराच आटतो.

जीव लावण्याबद्दल लोक उगाच घाबरतात. डॉबरमन एका माणसाचा कुत्रा हे खरं, पण दीड वर्षाचा कुत्राही नवीन माणसाला धरतो. पहिले सहा आठवडे मी मैदानाचं नाव काढत नाही. हातातून खाणं, लांब फेरफटका, रात्री पायाशी झोप. आज्ञा तो आधीच मानायला लागतो. पायाशी चालताना मान वर करून चेहरा खुलतो तो त्यानंतर, आणि परीक्षकाला दिसतो तो चेहराच.

हृदयाने निवड सोपी होत नाही

पुष्कळ जण म्हणतात, तरुण घेतला की तब्येतीची खात्री होते. सांध्यांची होते. वॉन विलेब्रांड या रक्तस्रावाच्या आजाराची होते, पण ती जनुकीय चाचणी पिल्लाचीही करता येते. डॉबरमनच्या सगळ्यात मोठ्या दुखण्याची मात्र दोघांतही होत नाही.

ते दुखणं म्हणजे डायलेटेड कार्डिओमायोपथी, डीसीएम. हृदयाचा स्नायू पातळ-ढिला होत जातो, ठोके चुकतात, आणि काही कुत्रे कसलंही लक्षण न दाखवता धावताना कोसळतात. म्युनिकमध्ये चारशेहून जास्त डॉबरमन तपासून 2010 मध्ये आकडे प्रसिद्ध झाले : एक ते दोन वर्षांच्या गटात 3.3 टक्के, चार ते सहाच्या गटात 12.5 टक्के, सहा ते आठच्या गटात 43.6 टक्के, आणि आयुष्यभराचा हिशेब 58.2 टक्के. म्हणजे दीड वर्षाच्या कुत्र्याची हृदयाची सोनोग्राफी आणि 24 तासांचा होल्टर (अंगावर बांधून ठोके नोंदणारं यंत्र) स्वच्छ आला, तर त्यातून आजचं कळतं. सातव्या वर्षाचं कळत नाही.

दोन्ही वाटांवर त्यामुळे एकच चौकशी करावी लागते, आणि ती आजी-आजोबांची. आई-बापांचे रिपोर्ट तीन वर्षांचे असताना काढलेले असतात, तेव्हा जवळपास सगळेच स्वच्छ दिसतात. आजोबा कितव्या वर्षी गेले? कशाने? चुलत-आत्या-मावश्या? ‘अचानक गेला, विष खाल्लं असेल’ हे उत्तर दोनदा ऐकलं तर त्या घराण्यातून उठावं. दहा वर्षं पार केलेले चार पूर्वज दाखवणाऱ्या ब्रीडरकडे, टायटल एखादं कमी असलं तरी, मी आधी जाईन.

याच आकड्यांत स्पर्धेचं गणितही आहे. मन पक्कं होतं तिसऱ्या वर्षी, हृदयाचा धोका चढतो सहाव्यानंतर. मोठ्या स्पर्धांचे सीझन मधले तीन-चार. पिल्लू घेतलं काय, तरुण घेतला काय, कुत्र्याच्या वाट्याला येतात तेवढेच. तरुण घेऊन तुमची स्वतःची दीड वर्षं वाचतात. नोकरी करणाऱ्या, पन्नाशीकडे झुकलेल्या हँडलरला ती फार असतात. पंचविशीतल्याने ती पिल्लामागे घालवावीत, त्या दीड वर्षात तो जे शिकेल ते त्याला एरवी कुठे मिळायचं नाही.

स्वतःच्या मादीची पिल्लं

ही तिसरी वाट प्रत्येकाला कधी ना कधी खुणावते. मादी कामाची आहे, तीन वर्षांची आहे, एक वेत काढू आणि त्यातलं एक ठेवू. 63 दिवसांनी घरात आठ-नऊ पिल्लं असतात आणि त्यांतल्या सात-आठांना कामाची घरं शोधायची असतात. शिवाय मादीचा वर्षभराचा सीझन गेला. जातीत रक्ताची जवळीक आधीच फार आहे. पाच पिढ्यांच्या पेडिग्रीत (वंशावळीत) या जवळिकीचा आकडा कमी दिसतो, पण आणखी मागे गेलं की तो त्याच चार-पाच नरांपाशी येऊन थांबतो. फक्त पुढचा कुत्रा मिळावा म्हणून हे करू नये, एक पिल्लू विकत घेणं कैक पटींनी सोपं.

नवख्यासाठी

ज्याने अजून एकही कुत्रा परीक्षेला उभा केलेला नाही आणि ज्याच्या क्लबात डॉबरमन चालवलेला माणूसही नाही, त्याला मी वरचं दोन्ही घेऊ देत नाही. पिल्लू तो शिकवून बिघडवेल आणि ग्रीन डॉग न शिकवता. त्याने चार-पाच वर्षांची, आयजीपी केलेली मादी शोधावी. नर 40 ते 45 किलोचा असतो, मादी 32 ते 35 ची, पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला हा फरक जाणवतो. अशा माद्या जाहिरातीत क्वचित दिसतात. पिल्लं घेऊन झालेली किंवा पुढच्या कुत्र्याला जागा हवी म्हणून बाजूला पडलेली मादी ब्रीडरकडे असते, चांगलं घर दिसलं तर तो देतो. ती मैदानावर तुमच्या चुका माफ करेल आणि काय चुकलं तेही दाखवेल. या वयातली सोनोग्राफी आणि होल्टर बरंच काही सांगतात, म्हणून पैसे द्यायच्या आधी दोन्ही करून घ्यायचे. होल्टरमध्ये 24 तासांत 300 च्या वर जादा ठोके निघाले तर डीसीएम धरूनच चालतात. 50 च्या आत असतील तर पुढे जायला हरकत नाही, त्यानंतर तपासणी दरवर्षी. मधला आकडा आला तर वर्षाच्या आत होल्टर पुन्हा लावायचा, आणि तोवर मादी ब्रीडरकडेच राहू द्यायची.