१२० व्होल्टचा मिग वेल्डर, रोटिसरी आणि १९६९ ची कॅमॅरो: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

जुन्या मसल कारचा (दणकट इंजिनाच्या अमेरिकन गाडीचा) गंजलेला पत्रा घरच्या गॅरेजात बदलायचा म्हटलं की पहिला प्रश्न वेल्डरचा येतो, आणि बहुतेकांचे पैसे तिथेच चुकीच्या जागी जातात. अमेरिकेतल्या घरात १२० व्होल्टच्या साध्या प्लगवर चालणारा १४० अँपिअरचा मिग वेल्डर (वायर आपोआप पुढे सरकवत वेल्ड करणारं यंत्र) या कामाला पुरतो. १९६९ च्या शेव्हरोले कॅमॅरोच्या बॉडीवर तो अनेक महिने चालवल्यानंतर हे ठामपणे सांगतो. फ्लोअर, ट्रंक, मागची क्वार्टर पॅनेल (मागच्या चाकाभोवतीचा बाहेरचा पत्रा), मागच्या काचेखालची पन्हळ, सगळं त्याच्यावरच झालं. अपुरे पडतात ते कॉम्प्रेसर आणि क्लॅम्प.

या गाडीचा बाहेरचा पत्रा साधारण ०.९ मिमी जाडीचा, म्हणजे २० गेजच्या आसपास. त्याला ३० ते ६० अँपिअर पुष्कळ झाले. यंत्रावर लिहिलेली २० टक्के ड्यूटी सायकल, म्हणजे दहा मिनिटांत दोनच मिनिटं वेल्डिंग, वाचून लोक बिचकतात. पण पातळ पत्र्यावर सलग रेघ ओढायचीच नसते. एकेक टाका, म्हणजे ठिपक्याएवढा वेल्ड, मारायचा, थांबायचं, दुसरीकडे मारायचा. अशा कामात यंत्र कधीच तापून बंद पडत नाही. कॅमॅरोची पुढची सबफ्रेम, म्हणजे इंजिन आणि पुढची चाकं पेलणारा सांगाडा, वेगळी आणि जाड पत्र्याची असते. तिच्यावर काही सांधायचं असेल तर २४० व्होल्टचं यंत्र हवं, किंवा सबफ्रेम बोल्ट काढून दुसरीकडे न्यावी. वरवर चांगला दिसणारा पण आत न उतरलेला वेल्ड तिथे धोक्याचा आहे.

या वर्गातल्या बऱ्याच यंत्रांच्या खोक्यात फ्लक्स कोअर वायर (आत फ्लक्स भरलेली, गॅसशिवाय चालणारी) येते. ती बाजूला ठेवा. ती जास्त उष्णता देते, शिंतोडे उडवते आणि पातळ पत्र्याला भोकं पाडते. ०.६ मिमीची ईआर ७० एस-६ वायर आणि ७५ टक्के आर्गॉन, २५ टक्के कार्बन डायऑक्साइडचं मिश्रण घ्या. प्रवाह ताशी २० ते २५ घनफूट. ८० घनफुटांची टाकी ताशी २० घनफुटांवर चार तास चालते, पण हे चार तास ट्रिगर दाबलेले धरायचे; टाक्यांच्या कामात ती बरीच टिकते. वायर बदलताना ड्राइव्ह रोलरची खाच बदला आणि ध्रुवता उलटी करा. गॅसवर टॉर्च (वायर बाहेर येते ती वेल्डिंगची बंदूक) धन टोकाला, फ्लक्स कोअरवर ऋण टोकाला. ध्रुवता तशीच राहिली की वेल्ड नुसता पत्र्यावर बसतो, आत शिरत नाही, आणि दोष मात्र यंत्राला दिला जातो. सर्किट २० अँपिअरचं असावं. लांब एक्स्टेन्शन लागणारच असेल तर १२ गेजपेक्षा बारीक नको, कारण व्होल्टेज पडलं की आर्क तोतरा होतो.

वेल्ड करण्याआधी पत्रा कशाने पुसता याकडे नीट लक्ष द्या. क्लोरिनयुक्त ब्रेक क्लीनर चुकूनही वापरू नका. आर्कच्या उष्णतेने आणि अतिनील किरणांनी त्याचा फॉस्जीन हा विषारी वायू बनतो. ॲसिटोन वापरा आणि तो पूर्ण उडू द्या. पेट्रोलची टाकी गाडीतून काढून गॅरेजच्या बाहेर ठेवा. जुनं अंडरकोटिंग (गाडीखालचा गंजरोधक लेप) आणि सीम सीलर (सांध्यात भरलेला मसाला) वेल्डच्या मागच्या बाजूने हळूच पेट घेतात, म्हणून दर काही टाक्यांनी मागे डोकावून पाहा.

आता मूळ विषय, उष्णता. वितळलेला धातू थंड होताना आकसतो आणि दोन्ही बाजूंचा पत्रा ओढून घेतो. सपाट पॅनेल लाटेसारखं होतं ते यामुळे. आमनेसामने सांध्यात फट वायरच्या जाडीएवढी, ०.६ ते ०.८ मिमी ठेवायची. फट शून्य असेल तर कडा एकमेकींवर चढतात, दीड मिमीच्या पुढे गेली की भोकं पडतात. पहिले टाके २५ मिमी अंतरावर, मग प्रत्येक दोघांच्या मध्ये एक, मग पुन्हा मध्ये. टाक्याला हात लावता येईल इतका तो निवला की शेजारचा मारायचा. टाका ग्राइंडरने जवळजवळ सपाट करून मागे डॉली (लोखंडाचा ठोकळा) धरायची आणि वरून हातोडीने हलके ठोके द्यायचे. आकसलेला धातू त्या ठोक्यांनी पुन्हा पसरतो. ही पायरी गाळून शेवटी सगळं एकदम ठोकू म्हटलं तर ताण इतका साचलेला असतो की पत्रा सरळ होतच नाही. ग्राइंडरही पत्रा तापवतो, त्यामुळे एका जागी दाबून धरायचा नाही.

सांधा कुठे घ्यायचा यावर निम्मं यश ठरतं. १९६९ च्या मॉडेलमध्ये चाकाच्या कमानीवरून मागे जाणारी उठावदार धार आहे. अशा धारेजवळ पत्रा मुळातच ताठ असतो, तिथला सांधा कमी हलतो. सपाट भागाच्या मधोमध घेतलेला सांधा सर्वांत जास्त त्रास देतो. एका पत्र्यावर दुसरा चढवून वेल्ड करायची सोपी पद्धत बाहेरच्या पॅनेलवर टाळा. दोन पत्र्यांमध्ये ओलावा साचतो, आणि उन्हात दुहेरी जाडीचा भाग वेगळा फुगत असल्याने रंगावर सांध्याची रेघ उमटते.

कारखान्यातले स्पॉट वेल्ड (दोन पत्रे जोडणारे ठिपके) सोडवायला ८ मिमीचा कटर, आधी सेंटर पंचची खूण, ड्रिलचा वेग कमी आणि थेंबभर तेल. फक्त वरचा थर कापायचा, खालचा तसाच राहायला हवा. नवीन पॅनेलला ८ मिमीची भोकं पाडून प्लग वेल्ड करताना आर्क खालच्या पत्र्यावर मध्यभागी सुरू करून गोल फिरवत कडेपर्यंत आणावा. गाडीवर हात टाकण्याआधी त्याच जाडीच्या दोन पट्ट्या जोडून पक्कडीने फाडून पाहा. वेल्ड सुटून न येता एका पट्टीचा तुकडा घेऊन निघाला तर सेटिंग बरोबर. वेल्ड-थ्रू प्रायमर (वेल्डिंग सोसणारा जस्ताचा प्रायमर) दोन थरांच्या मध्ये मारा, पण भोकाच्या आतून तो खरवडून काढा. जस्त जळालं की शिंतोडे आणि बुडबुडे येतात.

रोटिसरी, म्हणजे बॉडी दोन टोकांना धरून गोल फिरवणारा सांगाडा, घ्यावी का? फ्लोअरखालचं ब्लास्टिंग, सीम सीलर आणि रंग यांसाठी जरूर घ्यावी. डोक्यावर हात करून उलटं काम करण्याला दुसरा चांगला पर्याय नाही. घेताना एकच गोष्ट तपासा: फिरण्याचा अक्ष वरखाली सरकवता येतो का. बॉडीचा गुरुत्वमध्य अक्षावर आला तर एक माणूस सहज फिरवतो. नाही तर बॉडी अचानक गर्रकन उलटते, आणि त्या वेळी कुणी खाली असेल तर जीवावर बेतेल. दारं, काचा, सीट निघाल्यावर गुरुत्वमध्य बदलतो, त्यामुळे तो पुन्हा जुळवायला लागतो.

रोटिसरीवर क्वार्टर पॅनेल आणि रॉकर (दाराखालचा पोकळ भाग) मात्र वेल्ड करू नका. दोन टोकांना धरलेली बॉडी मध्ये किंचित झोळते, आणि त्या अवस्थेत पक्क्या केलेल्या फटी गाडी चाकांवर आली की बदलतात. माझ्या मते या कामातली सर्वांत महागडी चूक हीच. गाडी चाकांवर, सस्पेन्शनवर वजन घेऊन उभी असतानाच हे भाग जुळवायचे. काही कापण्याआधी दाराच्या चौकटीत २५ मिमीच्या चौकोनी नळीचे आडवे-तिरके आधार टाके मारून बसवा. ते दार लावता येईल असे आतल्या अंगाला हवेत. दार लावून लॅच तपासल्याशिवाय क्वार्टर जोडायचाच नाही. त्याच्याही आधी बिजागरीच्या पिना आणि बुश बदलून घ्या. झिजलेल्या बिजागरीवर लटकलेलं दार पाहून फट जुळवली, तर नंतर बुश बदलताच दार वर उठतं आणि सगळं हिशेबाबाहेर जातं. सबफ्रेम पुन्हा जोडताना बोल्ट आवळण्याआधी तिच्यातल्या आणि बॉडीतल्या जुळणीच्या भोकांतून दोन सरळ, घट्ट बसणाऱ्या सळ्या घाला. हे केलं नाही तर फेंडर आणि दार यांच्या फटी कितीही पातळ शिम (मध्ये घालायच्या चकत्या) घातल्या तरी जमत नाहीत.

पॅनेलबद्दल. ओहायोतल्या नॉरवूड आणि कॅलिफोर्नियातल्या व्हॅन नाइस या कारखान्यांत १९६९ मॉडेलच्या २,४३,०८५ कॅमॅरो बनल्या. एवढ्या मोठ्या संख्येमुळे तिचं जवळपास प्रत्येक पॅनेल आज नव्याने मिळतं. डायनाकॉर्न ही कंपनी तर पूर्ण नवीन बॉडीच विकते. क्वार्टर दोन प्रकारचा येतो. नुसतं बाहेरचं कातडं, म्हणजे स्किन, आणि दाराच्या चौकटीपासून छताच्या सांध्यापर्यंतचा पूर्ण क्वार्टर. गंज फक्त चाकाभोवती आणि खाली असेल तर स्किनही अख्खी न वापरता तिच्यातून लागतो तेवढाच तुकडा कापून घ्यावा. मूळ पत्रा जितका राखता येईल तितका राखा, कारण नव्या साच्यांतल्या धारा मूळ गाडीइतक्या तीक्ष्ण क्वचितच असतात. टेललाइटजवळ आणि ट्रंकच्या झाकणाच्या कडेला वापरलेली पॅनेल जशीच्या तशी बसली नाहीत. फ्लँज (दुमडलेल्या कडा) कापून पुन्हा वाकवाव्या लागल्या. पॅनेलवरचा काळा लेप लॅकर थिनरने पुसून पाहा. फडक्यावर उतरला तर तो पूर्ण काढून टाका, त्याच्यावर काहीही चढवू नका.

पूर्ण क्वार्टर घेतला की छताच्या सांध्यातलं शिसं काढावं लागतं. कारखान्यात तो सांधा शिशाने भरलेला असे. प्रोपेनच्या मंद ज्योतीने वितळवून तारेच्या ब्रशने पुसा, सँडरने कधीही घासू नका. शिशाची धूळ घरभर पसरते आणि लहान मुलांना ती सर्वांत घातक. पी १०० फिल्टरचा मास्क, कामाचे वेगळे कपडे आणि जेवण्याआधी हात धुणं इथे अनिवार्य आहे. शिशाच्या फ्लक्समधलं आम्ल मागे राहिलं तर वरची लांबी (पुट्टी) काही महिन्यांनी फुगते, म्हणून सोड्याच्या पाण्याने धुऊन लगेच कोरडं करा.

कॉम्प्रेसरचं गणित बहुतेकांचं इथेच बिघडतं. डीए सँडर (हवेवर चालणारं घासण्याचं यंत्र) सतत चालवायला मिनिटाला १० ते १२ घनफूट हवा लागते. ब्लास्टिंगच्या पॉटला ३ मिमीच्या लहानशा नोझलवरसुद्धा ९० पीएसआय दाबाला २० घनफुटांच्या घरात. घरगुती ५ हॉर्सपॉवर, ६० गॅलनचा कॉम्प्रेसर साधारण १५ देतो. म्हणजे सँडर आणि स्प्रे गन आरामात, ब्लास्टिंग थांबत थांबत. ब्लास्टिंग फक्त फ्लोअर, कोपरे आणि जाड भागांवर करा. बॉनेट, छत, दारं यांवर नको. कणांच्या माऱ्याने पत्र्याचा एकच पृष्ठभाग पसरतो आणि पॅनेल फुगतं, हे नुसतं उष्णतेने होतं असं नाही. तिथे केमिकल स्ट्रिपर किंवा ८० ग्रिट. साधी वाळू वापरू नका, तिच्यातल्या सिलिकाने सिलिकोसिस होतो. काचेचा चुरा घ्या. ब्लास्टिंगच्या आधी फायरवॉलवरची कारखान्याची पाटी आणि डॅशवरची व्हिन पाटी (गाडीच्या ओळख क्रमांकाची) झाकून घ्या. व्हिन पाटी काढणं किंवा बदलणं हा अमेरिकेत संघीय कायद्याचा विषय होतो, तिला हात लावू नका.

उघडा पत्रा त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमरखाली जायला हवा. इथे हवेचं नव्हे, धातूचं तापमान बघायचं. १८ अंश सेल्सिअसच्या खाली इपॉक्सी सुकल्यासारखा दिसतो पण आतून पक्का होत नाही. त्याच्यावर लांबी लावली की तिच्यातलं द्रावक त्याला खाऊन टाकतं. हिवाळ्यात गॅरेज आदल्या रात्रीपासून तापतं ठेवा. गंज काढायला फॉस्फोरिक आम्ल लावलं असेल तर ते पूर्ण धुऊन निघालं पाहिजे, नाही तर इपॉक्सी सोलपटून येतो. मिश्रणाचं प्रमाण, थांबण्याचा वेळ आणि पुढचा थर किती दिवसांत द्यायचा हे डब्याच्या तांत्रिक पत्रकातूनच घ्या. लांबी इपॉक्सीवर लावा, ३ मिमीपेक्षा जाड नको. सीम सीलरही इपॉक्सीवरच. ब्लॉकिंग (ठोकळ्यावर कागद लावून घासणं) ८० पासून सुरू करून १८०, मग ३२० ग्रिट, प्रत्येक वेळी गाइड कोट (उंचसखल जागा दाखवणारा पातळ रंग) मारून. त्यानंतरचे टू-के (हार्डनर मिसळायचे) प्रायमर आणि क्लिअर (वरचा पारदर्शक थर) यांत आयसोसायनेट असतं. त्याला कोळशाचा साधा मास्क पुरेसा मानू नका, बाहेरून ताजी हवा पुरवणारा मास्क लागतो.

मागच्या काचेखालची पन्हळ वेल्ड झाल्यावर, इंटीरियर बसवण्याआधी, पाणी ओतून ट्रंकमध्ये विजेरी धरून पाहा. स्टीलच्या पट्टीखाली अडकलेल्या पाण्यानेच मूळ पन्हळ आणि खालचं ट्रंक कुजलेलं असतं. विंडशील्डपुढच्या काउलमध्येही पाणी ओता आणि ते दोन्ही बाजूंनी फेंडरच्या आत खाली उतरतं का बघा. पानं अडकून राहतात तिथेच फेंडरचं खालचं टोक गंजतं. रंग पूर्ण झाल्यावर रॉकरच्या पोकळीत लांब नळीच्या नोझलने कॅव्हिटी वॅक्स मारा, थेंब गळायचे थांबू द्या, आणि निचऱ्याची भोकं वॅक्सने बुजली असतील तर तारेने मोकळी करून घ्या.