कासवाला म्हणे घाम येतो

आकडा आधीच सांगतो, म्हणजे हसायचं ते एकदाच हसून घ्या. २९,८०० रुपये. एका कासवापायी, आणि ते कासवही राहिलं नाही.

मी पतसंस्थेत कामाला आहे. दिवसभर लोकांच्या सह्या ताडून बघायच्या, सातबाऱ्यावरचं नाव आधारशी जुळतंय का बघायचं, हेच माझं काम. त्यामुळे ‘कागद वाचले नव्हते का?’ हे मला विचारू नका. बायकोचं विचारून झालंय.

लेकीला कासव हवं होतं. आपल्याकडचं स्टार कासव पाळणं गुन्हा आहे, वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला प्राणी, तीन ते सात वर्षं आत, हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच तर मी कायदेशीर शोधत होतो! ‘आफ्रिकन सुलकाटा, पेपरसहित’ अशी एका विदेशी कासवाची जाहिरात दिसली. पिल्लू १७,५००, ‘यूव्ही सेट’ (म्हणजे उन्हातले अतिनील किरण देणारा दिवा) ४,२००, ‘पेपर ट्रान्सफर’ ३,५००, गाडीभाडं १,२५०. सगळं आगाऊ, यूपीआयने, चार वेगवेगळ्या नावांवर. संस्थेत असा व्यवहार दिसला असता तर मीच फाईल घेऊन मॅनेजरकडे गेलो असतो.

५ जुलैला पहाटे वाकडच्या पुलाखाली ट्रॅव्हल्सच्या क्लीनरने मिठाईचा खोका हातात ठेवला. धो धो पाऊस. खोक्याचा तळ ओला. आत लिंबाएवढं पिल्लू, डोळे मिटलेले, आणि नाकपुडीशी एक बुडबुडा. श्वासागणिक फुगायचा, फुटायचा, परत फुगायचा. मी तिथूनच विकणाऱ्याला फोन लावला.

“सर, प्रवासात घाम येतो त्यांना.”

कासवाला घाम. आणि मी काय म्हणालो? “अच्छा.” ते ‘अच्छा’ अजून रात्री आठवतं. तिथल्या तिथे खोका क्लीनरला परत द्यायचा होता. पण पैसे गेलेले, लेक घरी जागून बसलेली. तुम्ही दिला असता? बुडबुडा दिसला की जनावर घ्यायचं नाही, बस. तो सर्दीचा नाही, छातीपर्यंत पोचलेल्या आजाराचा असू शकतो.

घरी येताच त्याने फोटो मागितला, “फीडबॅकला”. लेकीच्या तळहातावर पिल्लू ठेवून मी फोटो पाठवला. वर ‘थँक यू, खूप गोड आहे’ असंही लिहिलं.

त्याचा सल्ला होता, वाळवंटातला जीव आहे, पाणी दाखवूच नका, काकडी-टोमॅटो घाला. आम्ही तेच केलं. नंतर भेटलेल्या डॉक्टरीणबाई (चांगल्या होत्या, पण शोधायला आठ दिवस गेले, कुत्र्या-मांजरांचे दवाखाने ढीगभर) ऐकून गप्पच बसल्या. सहाराच्या कडेचा प्राणी असला तरी पिल्लं बिळात, दमट मातीत वाढतात. कोरड्यात ठेवली की पाठीवर उंचवटे येतात. कोमट पाण्यात रोज बसवायचं, पाणी हनुवटीखाली राहील इतकंच. खायला हरळी, जास्वंदीची पानं, काटे काढलेला फड्या निवडुंग. काकडी म्हणजे नुसतं पाणी. आणि दमट चालतं, पण थंड-दमट नाही. आमच्याकडे जुलैत रात्री बावीस अंश होतं. तो दिवा तर लाल उष्णतेचा साधा बल्ब निघाला; ‘यूव्हीबी’चं स्टिकर नखाने खरवडल्यावर खाली छापलेलं दिसलं. खिडकीतल्या उन्हाचाही उपयोग नाही, काच ते किरण अडवते. आणि ‘तळहाताएवढंच राहतं’ असं कोणी म्हणालं तर सरळ फोन ठेवा. सुलकाटा पंचेचाळीस किलोच्या वर जातं.

तपासणी ६००, एक्स-रे ९००, इंजेक्शनं १,८५०. आलं तेव्हा किचनच्या काट्यावर ६२ ग्रॅम होतं. २३ जुलैला सकाळी ५१ होतं, आणि हललं नाही.

मग मी तो ‘पेपर’ पहिल्यांदा नीट वाचला. नोंदणी होती कुणाच्या तरी सन कोन्युर पोपटाची. शास्त्रीय नाव समोर छापलेलं. मी ते शेरा मारल्यासारखं बघून पुढे गेलो होतो.

पोलीस चौकीत म्हणाले, जनावराचं आहे, वनखात्यात जा. तिथे गेलो तर साहेब फील्डवर. दुसऱ्या दिवशीही फील्डवर. तिसऱ्या दिवशी भेटले, म्हणाले विदेशी प्राणी आहे, पैशाचं प्रकरण पोलिसांचं. आणि जाता जाता, “तुमच्या नावावर नोंदणी कुठंय? गुन्हा तुमच्यावरच होईल.” परत चौकी. “पैसे तुम्हीच पाठवले, वस्तू मिळाली, मग फसवणूक कसली?” मी म्हटलं, वस्तू मेली. तर पुरावा म्हणून जपून ठेवा! तीन दिवस ते पिल्लू बर्फाच्या कप्प्यात, प्लॅस्टिकच्या डबीत. बायकोने श्रीखंड शेजारच्यांकडे हलवलं. चौथ्या दिवशी गेलो तर ड्युटीवर दुसरेच, म्हणाले, “कसलं कासव?” अर्ज घेतला, पोच दिली नाही. पोच मागितली तर माझ्याकडे असं बघितलं की जसं मीच कासव विकून आलोय.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तासाभरात फोन करा, खातं गोठू शकतं. मी अठरा दिवसांनी केला. विदेशी प्राण्याची नोंद केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर होते, २०२४च्या नियमांनुसार ताबा घेतल्यापासून तीस दिवसांत. विकणाऱ्याच्या नावावर ती आधी आहे का ते बघा, प्राण्याचं नाव अक्षर न् अक्षर जुळवा. व्हिडिओ कॉलवर पिल्लू चालताना, खाताना बघितल्याशिवाय एक रुपया सोडू नका.

त्याचा नंबर बंद आहे. धंदा बंद नाही. परवा चुलतभावाने नव्या नावाची जाहिरात पाठवली, ‘दादा, हे घेऊ का?’ म्हणून. किंमत १९,०००. फोटोत माझ्या लेकीचा तळहात, अंगठ्याला जांभळं नेलपॉलिश, अर्धं उडालेलं. खाली ‘समाधानी ग्राहक’ म्हणून माझंच वाक्य : थँक यू, खूप गोड आहे.