कॉर्सेअर आरएम७५०ई – आवाज गेला, एकदम भारी
लॅमिंग्टन रोडवरून घेतला हा एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा), आधीचा लोकल वाला, पीसी चालू केला की लगेच घरघर करायचा आणि रात्री हॉलमध्ये आई झोपलेली असताना काम करणं अवघडच व्हायचं. यात झिरो आरपीएम मोड आहे म्हणजे लोड कमी असला की फॅन फिरतच नाही, ब्राउझिंग, एक्सेल, पिक्चर बघताना अजिबात आवाज नाही. गेम लावला की फिरतो पण तेव्हा ग्राफिक्स कार्डाचाच आवाज जास्त असतो.

याच्या गोल्ड रेटिंगचा (म्हणजे वीज कमी वाया जाते असा दर्जा) फायदा लोकांना फक्त बिलात दिसतो पण खरी गंमत इथे आहे, २५० वॅट लागत असतील तर ९०% एफिशियन्सीवाल्यात साधारण २८ वॅट उष्णता होते आणि ८०% वाल्यात ६२, मग ती बाहेर काढायला फॅन जोरात पळणारच ना! मे महिन्यात मुंबईच्या उकाड्यात विदाउट एसी खोलीत हा फरक फारच जाणवतो.

कॅबिनेटला खाली जाळी असेल तर फॅनचं तोंड खालीच ठेवा, आणि डस्ट फिल्टर साफ करत राहा प्लीज, रस्त्याकडेला घर असेल तर धूळ पटकन भरते. एसएमपीएस उघडून फॅन बदलायच्या भानगडीत मात्र पडू नका, प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो, जिवावर बेतू शकतं.

केबल जरा कडक आहेत, छोट्या कॅबिनेटात वळवताना त्रास होतो. बाकी पैसे वसूल.