कंपन की तेल? हेलिकॉप्टर गिअरबॉक्सवर प्रोजेक्ट निवडताना

नाशिकरोडजवळच्या गांधीनगरला लष्कराच्या वैमानिकांचं प्रशिक्षण चालतं, त्यामुळे नाशिकरोडकरांना हेलिकॉप्टरची घरघर रोजची. इथल्या मेकॅनिकलच्या मुलांना त्यावरूनच शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट सुचतो आणि लगेच प्रश्न येतो: गिअरबॉक्सचा बिघाड कंपनातून शोधायचा की तेलातून?

मी म्हणेन, कंपन घ्या. पण टॅकोमीटर, म्हणजे शाफ्टच्या फेऱ्या मोजणारं यंत्र, मिळणार असेल तरच.

कंपनाची खरी ताकद म्हणजे ते बिघाडाची जागा सांगतं. 20 दात्यांचा गिअर मिनिटाला 1,500, म्हणजे सेकंदाला 25 फेऱ्या घेत असेल, तर स्पेक्ट्रममध्ये, म्हणजे कोणत्या वारंवारतेला किती कंपन आहे त्या आलेखात, 500 हर्ट्‌झला शिखर दिसतं. त्यातला एक दाता दुखावला की 475 आणि 525 ला छोटी शिखरं, म्हणजे साइडबँड, उगवतात. हे 25 चं अंतर कोणत्या शाफ्टचं, ते लगेच कळतं. टॅकोमीटरमुळे सिग्नल फेरीगणिक कापून त्याची सरासरी काढता येते आणि त्या शाफ्टशी संबंध नसलेला गोंगाट विरतो. टॅकोमीटर नसला आणि वेग थोडा जरी हलला, तरी शिखरं फिसकटतात.

तेलाचं काम स्वस्त आणि सोपं. तेलात बसवलेल्या मॅग्नेटिक प्लगला (चुंबकाच्या बुचाला) पोलादाचे कण चिकटले, की आत कुठेतरी पापुद्रे सुटताहेत. नेमके कुठून, ते धातूची तपासणी केल्याशिवाय सांगता येत नाही. ब्राँझ आणि ॲल्युमिनियम तर चुंबकाला लागतच नाहीत.

एवढ्यावर कंपन जिंकलं असं वाटेल, पण हेलिकॉप्टरच्या गिअरबॉक्समध्ये प्लॅनेटरी टप्पा असतो, म्हणजे मधल्या गिअरभोवती फिरणारे छोटे प्लॅनेट गिअर. त्यात प्लॅनेट गिअर सेन्सरसमोरून सतत फिरत जातात, म्हणून ठणठणीत गिअरबॉक्सही साइडबँड दाखवतो. प्लॅनेटच्या बेअरिंगचा क्षीण आवाज बाहेर पोचेपर्यंत दात्यांच्या गोंगाटात बुडतो. 1 एप्रिल 2009 ला स्कॉटलंडजवळ सुपर प्यूमा हेलिकॉप्टर कोसळून 16 जण गेले. दुसऱ्या टप्प्यातला प्लॅनेट गिअर तुटला होता. त्याआधी 36 उड्डाणतासांवर चिप डिटेक्टरवर (तेलातले धातूचे कण पकडणाऱ्या चुंबकी प्लगवर) धातूचा एक कण सापडला होता. म्हणजे खूण दिली ती तेलाने. 29 एप्रिल 2016 ला नॉर्वेत एच225 हेलिकॉप्टरचा तसाच गिअर तुटला, 13 जण गेले. तिथे तडा पृष्ठभागाखालून सरकत गेला, कण फारच थोडे सुटले, आणि दोन्ही पद्धतींकडून इशारा मिळाला नाही. हे दोन अहवाल वाचल्याशिवाय ‘संपूर्ण निदान’ असं शीर्षक प्रोजेक्टला देऊ नका.

म्हणून अंबड किंवा सातपूरच्या एखाद्या कारखान्यातून साधा समांतर शाफ्टचा जुना गिअरबॉक्स मिळवा आणि त्यावर कंपनाचं काम पक्कं करा. मॅग्नेटिक प्लग तरीही बसवाच, खर्च नगण्य आहे. प्लॅनेटरी वेळ उरला तर. दाता मुद्दाम घासण्याआधी चांगल्या गिअरबॉक्सच्या नोंदी वेगवेगळ्या लोडवर भरपूर घेऊन ठेवा. लोड बदलला की 500 हर्ट्‌झच्या शिखराची उंचीही बदलते, आणि एकदा दाता घासला की त्या नोंदी पुन्हा मिळत नाहीत.