सप्ताहाच्या ऐन तोंडावर घेतलेले नकली इअरफोन

आमच्या वस्तीतल्या विठ्ठल मंदिरातल्या अखंड हरिनाम सप्ताहाचं थेट प्रक्षेपण मी करतो. काटोल-सावनेरकडची म्हातारी माणसं आणि पुण्याला दिलेल्या लेकी मोबाईलवर कीर्तन ऐकतात. त्यांना काय ऐकू जातं हे मला फक्त माझ्या कानातल्या इअरफोनवरूनच कळतं. म्हणून यात झालेली फसवणूक मी सविस्तर लिहितो आहे.

ब्लूटूथ या कामाचं नाही. आवाज शे-दोनशे मिलिसेकंद उशिरा येतो. टाळ समोर वाजतो आणि कानात मागाहून. त्यामुळे वायरवालेच हवे होते, तेही कान घट्ट बंद करणारे, कारण आवाज कमी-जास्त करायचा मिक्सर टाळकऱ्यांच्या बाजूलाच असतो. मनात शुअर कंपनीचे एसई २१५ हे इअरफोन होते. नागपुरात सीताबर्डीच्या एका गल्लीतल्या दुकानात ते ४,२०० रुपयांत मिळाले. सीलबंद डबा. ऐकून बघू का म्हटलं तर दुकानदार म्हणाला, "सील तुटलं का वापस नाही होत भाऊ. काऊन टेन्शन घेऊन राहिले? ओरिजिनल आहे, ड्युअल ड्रायव्हर आहे." ड्रायव्हर म्हणजे इअरफोनच्या आतला छोटा स्पीकर, आणि ड्युअल म्हणजे असे दोन. बिल मागितलं तर १८ टक्के जीएसटी वर लागेल म्हणाला. सातशे-साडेसातशे रुपये वाचवायला मी बिल सोडलं आणि यूपीआयनं पैसे दिले.

पहिल्या रात्री मृदंगाचार्यांनी डाव्या बाजूला कणीक लावून छान घुमारा जुळवला होता. माझ्या कानात मात्र तो इतका फुगून येत होता की महाराजांचे शब्द बुडत होते. मी मिक्सरवर खालचा स्वर (बास) कमी केला, मग आणखी कमी केला. कानाला बरं वाटलं. रात्री सावनेरहून आत्याचा फोन आला : "काय रे, मृदंग डबा बडवल्यासारखा वाजत होता, आणि महाराजांचा आवाजही पातळ येत होता." दोष इअरफोनचा होता आणि मी प्रक्षेपण बिघडवत बसलो होतो. मृदंगाचार्यांचं वय सत्तरीच्या पुढे आहे. त्यांच्या हाताची दोन तासांची मेहनत माझ्यामुळे वाया गेली, याचं मला आजही फार वाईट वाटतं.

दुसऱ्या दिवशी डाव्या कानात खरखर सुरू झाली. मी मिक्सरच्या वायरी बदलत बसलो. शेवटी कळलं, की इअरफोनला वायर जिथे जोडतात तो जोडच ढिला होता. दुकानात गेलो तर त्यानं वायर बदलून दिली, पण ती माईकवाली. तिच्या पिनवर तीन काळ्या रेघा, साध्या पिनवर दोनच असतात. मिक्सरच्या जाड पिनेच्या अडॉप्टरमध्ये ती नीट बसेना, आणि मग तर महाराजांचा आवाजच गायब! पेटी आणि टाळ दुरून आल्यासारखे, मधला आवाज नाही. पिनचा अर्थिंगचा संपर्क तुटला की दोन्ही बाजूंना सारखा असलेला आवाज कापला जातो, हे नंतर एका साउंडवाल्या मित्रानं समजावलं.

त्याच्याकडे खरे एसई २१५ होते. एकाच मिक्सरवर, एकाच रेकॉर्डिंगवर दोन्ही ऐकले, तेव्हा शंका उरली नाही. खऱ्याची वायर 'टक्' करून बसते. माझी नुसती सैल फिरते. आणि एसई २१५मध्ये ड्रायव्हर एकच असतो. दुकानदार 'ड्युअल' म्हणाला तेव्हाच मी उठायला हवं होतं.

परत गेलो तर, "हा माल आमचा नाहीच." यूपीआयच्या पावतीवर दुकानाचं नाव नाही, भलत्याच माणसाचं नाव आहे. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. मागूनही बिल न देणं २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापार प्रथा ठरतं. पण त्या दुकानातून वस्तू घेतली हे दाखवायला माझ्या हातात कागद नाही. पैसे अजून आलेले नाहीत.

काल्याच्या कीर्तनाला मित्राचेच इअरफोन वापरले. सुरू करण्याआधी मृदंगाचार्यांना ते कानात घालायला दिले आणि डावी बाजू वाजवायला सांगितली. त्यांनी तीनदा थाप मारली, मान डोलावली, आणि मग मी प्रक्षेपण सुरू केलं.